हाताखालून गेलेलं घर

भडगावला रेल्वे नाही. आमचं स्टेशन कजगाव, आणि तिथं न थांबणारी गाडी हवी असेल तर चाळीसगाव. त्यामुळे चाळीसगाव हे गिरणाकाठच्या आम्हा लोकांच्या लेखी आधी जंक्शन आणि मग गाव. धुळ्याचा फाटा तिथून फुटतो, मुंबईच्या मोठ्या गाड्या तिथं थांबतात, आणि आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्याच फलाटावरून कॉलेजला, कंपनीत नाहीतर सासरी गेलेलं आहे. चाळीसगाव म्हणजे निघून जाण्याची जागा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्याच स्टेशनाजवळच्या एका दगडी बंगल्यात एक माणूस जवळजवळ पन्नास वर्षं उंबऱ्याबाहेर फारसा न पडता राहिला, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते त्या गावाच्या स्वभावाविरुद्ध वाटलं होतं. पुढे ते घर पाहिलं आणि त्याच्या प्रेमातच पडलो. इतक्या वर्षांनंतरही हे प्रेम ओसरत नाही, म्हणून त्याची जरा झडती घ्यावी म्हणतो.

घर केकी मूस यांचं. पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. शिक्षण विल्सन कॉलेजात, पुढे कला आणि छायाचित्रण शिकायला इंग्लंड. दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमारास ते परतले आणि मुंबईत बस्तान न बसवता चाळीसगावच्या घरी आले. ३१ डिसेंबर १९८९ ला मृत्यू आला तोही इथंच. मधल्या काळात घराबाहेर पडल्याच्या वेळा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक विनोबांचं छायाचित्र घेण्यासाठी, असं चाळीसगावकर सांगतात. त्यांची छायाचित्रं मात्र देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली आणि पारितोषिकं शेकड्यांनी घेऊन आली. छायाचित्रं हिंडली, माणूस घरात राहिला. गावानं त्यांना बाबूजी म्हटलं आणि दुरूनच त्यांच्याविषयी बोलत राहिलं.

असं का, याचं उत्तर चाळीसगावात कुणालाही विचारा, एकच मिळतं. मुंबईत एका मुलीवर त्यांचं प्रेम होतं. पंजाब मेलनं येईन, असं वचन तिनं दिलं होतं. म्हणून रोज रात्री मेलच्या वेळेला बंगल्याची दारं-खिडक्या उघडत, दिवे लागत, टेबलावर दोघांचं जेवण मांडलं जाई. ती आली नाही, आणि बाबूजींनी घर सोडलं नाही. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, मेल तेवढी तीच राहते. त्यात योगायोगही असा की ही गाडी आणि हा माणूस एकाच वर्षाचे. मध्य रेल्वे १ जून १९१२ हा पंजाब मेलचा पहिला दिवस मानते. तेव्हा ती पार पेशावरपर्यंत जायची, फाळणीनंतर फिरोजपूरला थांबू लागली. गाडीलासुद्धा आपलं शेवटचं स्टेशन बदलावं लागलं, या माणसानं बदललं नाही. गोष्टीवेल्हाळ माणसाला आणखी काय हवं?

ही गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. कुणाच्या मनात कुणाची वाट होती, यात आपण पडू नये. माझं भांडण गोष्टीशी नाही, तिनं त्या घराचं जे केलं त्याच्याशी आहे. ती ऐकून आत शिरलेल्या माणसाला सगळीकडे वेटिंग रूमच दिसते. खुर्ची म्हणजे वाट पाहण्याची, खिडकी म्हणजे गाडीची चाहूल घेण्याची. आणि ज्या टेबलावर या माणसानं उभ्या जन्माचं काम केलं, ते टेबल न आलेल्या पाहुणीच्या जेवणाचं होऊन बसतं. तिथं आलेल्या लोकांना मी पाहिलं आहे. छायाचित्रांपुढून ते भराभरा जातात आणि मग हळू आवाजात विचारतात, "ती खिडकी कोणती?"

आपल्या मुलखाला ही खोड जुनीच. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला डोंगर चढून गेलं की अजिंठा लागतं. तिथल्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षं वटवाघळं, ओल आणि अंधार यांच्याशी झगडत त्यानं मोठमोठी तैलचित्रं केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्यांतली बहुतेक १८६६ च्या आगीत जळाली. माणूस खचला नाही, पुन्हा कामाला लागला. मधल्या काळात कॅमेराही शिकला होता, त्यानं काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६० च्या दशकात निघाली. १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. पण गिल म्हटलं की लोकांना त्याची प्रेयसी पारो आठवते. अजिंठा गावात तिचं थडगं आहे, त्यावर १८५६ हे साल कोरलेलं आहे. ना. धों. महानोरांनी दोघांवर दीर्घ काव्य लिहिलं, २०१२ मध्ये त्यावर सिनेमा आला. पारोचं प्रेम खरं होतं, यात शंका कसली? पण वटवाघळांच्या विष्ठेत उभं राहून भिंतीवरचा एकेक रंग ओळखणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात असेल, हे विचारायचं राहूनच गेलं. कलावंत दिसला की आपण त्याला एक प्रेमभंग देतो आणि मोकळे होतो. कामाची चौकशी करावी लागत नाही.

म्हणून मूस यांच्या घरात मी कामाची चौकशी करत फिरतो. पहिला प्रश्न रात्रीच्या दिव्यांचाच. रात्री उशिरापर्यंत त्या घरात जाग असे, हे प्रेमाच्या गोष्टीनंसुद्धा मान्य केलं आहे. माझा आपला एक अंदाज आहे. फिल्म धुण्याच्या रसायनाचं तापमान साधारण २० अंश सेल्सिअस असावं लागतं. त्याहून फार वर गेलं तर काम हाताबाहेर जातं. फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, कडेनं सुटायला लागतो. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. दुपारी रांजणातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. वातानुकूलन घरोघर यायच्या आधीच्या त्या काळात ज्याला नीट निगेटिव्ह हवी, त्याच्यापुढे वाटा थोड्याच होत्या: बर्फ, जाड दगडी भिंती आणि रात्र. पंजाब मेल चाळीसगावात येते तीही रात्रीच. गाडीसाठी दिवे लागत की कामासाठी लागलेल्या दिव्यांना गाडीची वेळ येऊन चिकटली, हे आता कुणी ठरवू शकत नाही. पण खानदेशात राहून ज्यानं डार्करूम चालवली, त्यानं रात्रीशी संसार केला असणार, एवढं मी उन्हाळ्याच्या भरवशावर सांगू शकतो.

त्या घरात कितीतरी प्रकारचं हातकाम आहे: चित्रं, मातीकाम, लाकडावरची कोरणी, कागदाच्या घड्यांतून केलेल्या आकृती. सतारही ते वाजवत. पण मला खिळवून ठेवतात ती त्यांची टेबलटॉप छायाचित्रं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात निसर्गाकडे जायचं नसतं, निसर्ग टेबलावर आणायचा असतो. मीठ किंवा पीठ पसरलं की बर्फ, वाळलेली डहाळी रोवली की पानगळीतला वृक्ष, आरशाचा तुकडा ठेवला की तळं. मग दिवा कुठं ठेवायचा, किती उंच, त्याच्यापुढे कोणता कागद धरायचा, यात तासन् तास जातात. छायाचित्रात मैलोगणती पसरलेलं माळरान दिसतं, प्रत्यक्षात ते दोन हात लांबीच्या फळीवर असतं. मूस या प्रकारातले उस्ताद होते. त्यांची असली छायाचित्रं पाहताना कापसाच्या आणि केळीच्या मुलखात, धुळीनं भरलेल्या जंक्शनशेजारी आपण उभे आहोत, हे विसरायला होतं.

ज्याला टेबलावर हिमालय उभा करता येतो, त्याला बाहेर जाण्याची काय निकड? पन्नास वर्षं घरात बसणं हा आपल्याला दुःखाचा पुरावा वाटतो, कारण आपल्या मनात जग बाहेर असतं आणि घर ही बाहेरून दमून यायची जागा असते. त्यांचं जग टेबलाच्या चार कडांत होतं, आणि ते रोज नव्यानं मांडावं लागत होतं. अशा माणसाचा वेळ कसा जात असेल, ही काळजी आपण उगाच करतो. त्याला वेळ पुरत नसणार.

घराला त्यांनी नाव दिलं होतं रेम्ब्राँज रिट्रीट. चित्रकार रेम्ब्राँची खूण म्हणजे एका बाजूनं येणारा उजेड आणि बाकी गडद काळोख, त्यातून पुढे आलेला चेहरा. मूस यांची व्यक्तिचित्रं पाहिली की हे नाव का, ते वेगळं सांगावं लागत नाही. पण मला या नावात आणखी एक गोष्ट दिसते. रेम्ब्राँलाही घराचं वेड होतं. १६३९ मध्ये त्यानं ॲमस्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरला एक मोठं घर घेतलं. ते शंखशिंपले, पुतळे, शस्त्रं आणि दुसऱ्यांच्या चित्रांनी भरून टाकलं. हप्ते काही फिटले नाहीत. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, अधिकाऱ्यांनी खोल्यांमागून खोल्या फिरून एकेक वस्तू लिहून घेतली, सगळ्याचा लिलाव झाला, १६५८ मध्ये घरही विकलं गेलं. आज त्या घराचं संग्रहालय आहे आणि कोणत्या खोलीत काय होतं, हे सांगायला तीच जप्तीची यादी उपयोगी पडली. ज्या कागदानं घर घालवलं त्याच कागदानं ते परत उभं केलं. रेम्ब्राँच्या हातून घर सुटलं, आणि त्याचं नाव लावून चाळीसगावच्या या माणसानं आपलं घर शेवटपर्यंत सोडलं नाही. आता तेही संग्रहालय आहे, पण वस्तू जागच्या हलवायला इथं लिलाववाले आले नाहीत.

एक सांगायला हवं. हे घर काही मूस यांनी वीट रचून बांधलेलं नाही. त्याच्या भिंती गवंड्यांच्याच, दगड पाथरवटांचेच. बाहेरून पाहिलं तर तो त्या काळातला एक बरा दगडी बंगला आहे, रेल्वेच्या मुलखात असे पुष्कळ. मग त्याला कलावंताच्या हातचं घर कसं म्हणायचं? मला वाटतं, घर दोनदा बांधलं जातं. एकदा गवंडी बांधतो, ते काही महिन्यांचं काम. दुसऱ्यांदा राहणारा बांधतो आणि ते काम संपत नाही. दिवा इथून तिथं सरकवणं, खिडकीला पडदा लावून तो पुन्हा काढणं, एका कोपऱ्यात सतत बसून त्याला आपली सवय लावणं. मूस यांच्या घराच्या प्रत्येक कोपऱ्याला कामाची सवय लागलेली दिसते. एकही जागा पाहुण्यांना दाखवण्यापुरती नाही. मी ज्याच्या प्रेमात पडलो ते हे दुसरं बांधकाम.

हे सगळं मी एकदा माझ्या मोठ्या मायला, म्हणजे वडिलांच्या आईला, रंगवून सांगितलं होतं. पन्नास वर्षं एक माणूस घरात राहिला म्हटल्यावर तिनं तंबाखूची चिमूट बोटांत तशीच धरून विचारलं, "इतला वरीस घरमा बशीसन काय करे तो मानूस?" मी छायाचित्रं, टेबल, दिवे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही बी जलमभर घरमाच बठनूत. आमनं कोनी म्युझियम कये नही."

तेव्हा मी हसलो. पण ते वाक्य नंतर बरीच वर्षं माझ्या मागे लागलं. तिचं भडगावातलं घर धाब्याचं होतं. सागाचे खांब, त्यांवर कडीपाट, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी धाब्यावर चढून ती माती नीट करून घ्यायची, आणि पहिल्या सरीला कुठं ठिपका पडतो ते घरभर पाहत फिरायची. पोतेरं घेऊन सारवताना बोटांची जी अर्धगोल वळणं जमिनीवर उमटत, ती तिचीच होती. काकू सारवायची तेव्हा वळण वेगळं पडे, आणि कोणाच्या हातचं सारवण आहे ते आम्हा पोरांना कळायचं. चुलीची जागा तिनं वाऱ्याची दिशा पाहून स्वतः हलवून घेतली होती. आठ-पंधरा दिवसांनी जमीन पुसली जाई आणि ती पुन्हा सारवी. मूस यांचं टेबलावरचं माळरान आवरून पुन्हा मांडलं जायचं, हिची जमीनही तशीच. फरक एवढाच की त्यांच्यापाशी कॅमेरा होता. मांडणी मोडली तरी छायाचित्र उरलं. तिचं काहीच उरलं नाही.

मोठ्या मायच्या बोलण्यातला टोला मूस यांना नव्हता, मला होता. पुरुष घरात राहिला तर आपण कारण शोधतो, आणि कारण सापडेना तर प्रेमभंग बहाल करतो. बाई घरात राहिली तर कारण विचारायचीही गरज वाटत नाही. खानदेशात घराबाहेर न पडता पन्नास वर्षं काढलेल्या बाया गल्लीगल्लीत होत्या, आणि त्यांच्या हातची घरं कलावंताच्या घराइतकीच त्यांची स्वतःची होती. बाबूजींच्या घरानं मला जे दाखवलं ते पाहायची नजर तयार झाल्यावर मी मोठ्या मायचं घर पाहायला गेलो असतो तर बरं झालं असतं. पण तोवर वाटण्या होऊन धाबं उतरवलं गेलं होतं.

खांब गेले ते एका व्यापाऱ्याकडे. आमच्या भागात असे व्यापारी फिरत असतात. जुनं घर पडायला आलं की सुगावा लागतो, कोरीव खांब, तुळया, दाराच्या चौकटी टेम्पोत चढतात आणि मोठ्या शहराच्या आसपास कुठंतरी रिसॉर्टमध्ये नाहीतर फार्महाऊसमध्ये उभ्या राहतात. तिथले लोक खांबावरून हात फिरवून म्हणत असतील, काय हातकाम आहे! खरंच आहे. त्या सुताराचा हात त्यात आहेच. पण त्या खांबाला टेकून ज्यांनी धान्य पाखडलं, ज्यांच्या पाठीनं तो गुळगुळीत झाला, त्यांचा हात टेम्पोबरोबर जात नाही. स्वप्नातलं घर म्हणून आज जे विकलं जातं ते बहुधा पहिलं बांधकाम असतं, फारतर त्यावर दुसऱ्या कुणाच्या घराचे अवशेष लावलेले. दुसरं बांधकाम विकताही येत नाही आणि विकतही मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, मूस यांना हे परवडलं. पाठीशी कुटुंब होतं, राहतं घर होतं, पोटासाठी रोज आठची गाडी पकडायची नव्हती. मान्य आहे. भडगावच्या शाळेत एकेकाळी केशवसुत मास्तर होते, मग त्यांना फैजपूरला जावं लागलं, पुढे धारवाडला. नोकरीनं नेईल तिथं त्यांनी बिऱ्हाड हलवलं, आणि आज त्यांचं घर पाहायला लोक कोकणात मालगुंडला जातात, कवितेतली कितीतरी वर्षं त्यांनी ज्या गावांत काढली तिथं नाही. बहुतेक लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यांच्या वाट्याला केशवसुतांचंच नशीब येतं. पण म्हणून मूस यांचं घर चैन ठरत नाही. जागा मिळाली की माणूस तिचं काय करतो, हे तिथं दिसतं. जागा आमच्या गावात पुष्कळांना मिळाली. दर्शनी भिंतीला टाइल्स लागल्या, जिन्याला स्टीलचा कठडा आला, वर मंगल कार्यालयात शोभेल असा दिवा आला. हॉल एवढा मोठा की त्यात कुणी बसत नाही, सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीनं.

मीही आता त्याच रांगेत आहे. वाटणीत आलेल्या जागेवर घर बांधायला काढलं आहे, आणि इंजिनिअरनं नकाशा आणला तेव्हा त्यात तोच हॉल होता. तो कापून मी उत्तरेला एक खोली मागितली. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो. जुन्या चित्रकारांचे आणि छायाचित्रकारांचे स्टुडिओ म्हणूनच उत्तरेकडे उघडत. खिडकीखाली भिंतीला धरून एक लांब टेबल, एवढंच सांगितलं. मला टेबलटॉप छायाचित्रं काढायची नाहीत. काय करायचं ते अजून पुरतं ठरलेलंही नाही. थोडं लिहिणं, थोडं लाकूडकाम, कदाचित मोठ्या मायच्या घराचा आठवेल तसा मातीचा नमुना.

इंजिनिअर भला माणूस. त्यानं पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, "भाऊ, ही खोली कशाची दाखवू? बेडरूम?"

"कामाची."

"कसल्या कामाची?"

मला सांगता येईना. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि नकाशावर लिहून टाकलं, स्टोअर रूम. मी ते खोडायला सांगितलं नाही. नगरपरिषदेच्या मंजुरीला तेवढं पुरतं, बाकीचं माझ्याकडे लागलं.